टॉमी जॉन डॉक्टर नव्हता हो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण हा प्रश्न मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. मी बेसबॉल बघतो हेच मुळात आमच्या क्रिकेटवाल्या ग्रुपला पटत नाही, पण ओहतानीमुळे (जपानी बेसबॉल स्टार) हल्ली जरा कुतूहल असतं, आणि २०१८ ला त्याचं कोपराचं 'टॉमी जॉन' ऑपरेशन झालं होतं असं म्हटलं की पुढचं ठरलेलं, टॉमी जॉन म्हणजे तिकडचा मोठा ऑर्थोपेडिक का?

नाही हो, तो पेशंट होता! डॉक्टर होते फ्रँक जोब, त्यांचं नाव कुणाला माहीतही नसतं.

टॉमी जॉन लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमचा डावखुरा पिचर, म्हणजे आपल्याकडचा बोलर. स्पीड वगैरे खास नाही, बॉल ऐनवेळी खाली बसायचा आणि फटके जमिनीलगत जायचे, त्याच्यावरच याचं दुकान चालायचं. १९७४ ला त्याच्या नावावर १३ मॅच जिंकल्या होत्या, ३ हरल्या होत्या (तिकडे विजय-पराभव पिचरच्या नावावर लागतात), आणि जुलैत एक बॉल टाकताना कोपरातलं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, गेलं. तेव्हा हे झालं की पिचर संपला, गाशा गुंडाळायचा. (आपला बोलर कोपर सरळ ठेवतो, यांचा हात कोपरातून चाबकासारखा फिरतो, सगळा ताण तिथेच.) सप्टेंबरमध्ये जोबनी त्याच्या उजव्या हातातला टेंडन (स्नायूची दोरी) काढून डाव्या कोपरात ओवला. बघायचाय कुठला? अंगठा न करंगळी जुळवा, मनगट जरा आत वाकवा, मधोमध दोरीसारखं उठतं ना, तो. नाही दिसला तर घाबरू नका, काहींना नसतोच आणि त्यावाचून काही अडत नाही, म्हणून तर काढता येतो.

चान्स शंभरात एक सांगितला होता. वर नसेचा प्रॉब्लेम होऊन बोटं आखडली, डिसेंबरात परत ऑपरेशन, ७५ अख्खं वाया. ७६ ला परत आला, ७७ ला २० जिंकला, आणि खेळत राहिला ते थेट १९८९ पर्यंत, वय ४६! एकूण विजय २८८, त्यातले १६४ ऑपरेशननंतरचे.

आणि तरी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, नाही. जोबही नाहीत. ३०० मॅच जिंकून झाल्या असत्या तर घेतलाच असता असं बरेच जण म्हणतात. म्हणजे १२ कमी पडल्या. अहो, ७४ ला जुलैपर्यंतच १३ झाल्या होत्या त्याच्या, ७५ ला धड हात असता तर १२ काय...