लीड्सला जाऊन बघितलेले मॅनर कोर्टाचे रोल, आणि पुढे जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

नवऱ्याचं घराणं यॉर्कशरचं, होम व्हॅलीतलं. चर्चच्या रजिस्टरांवरून बरंच मागे गेलो होतो, पण एकाच आडनावाचे तीन जॉन, तिघंही एकाच खोऱ्यातले, आपला कुठला ते काही केल्या कळेना. सासऱ्यांचा जीव त्यातच अडकलेला. मग त्यांनाच बरोबर घेऊन लीड्स युनिव्हर्सिटीच्या ब्रदरटन लायब्ररीत गेलो, वेकफिल्ड मॅनरचे कोर्ट रोल, म्हणजे तिथल्या जमीनदाराच्या कोर्टाच्या गुंडाळ्यांवर लिहिलेल्या नोंदी, बघायला. १२७४ ते १९२५, जवळपास सलग! असं दफ्तर इंग्लंडातही क्वचितच मिळतं.

थोडक्यात सांगते. मॅनर म्हणजे जमीनदाराचा इलाखा, त्याच्या हद्दी गावाच्या हद्दींशी जुळतीलच असं नाही, वेकफिल्डचा तर पार हॅलिफॅक्सच्याही पुढे गेलेला. त्यात कॉपीहोल्डची जमीन (मॅनरच्या जमीनदाराकडून धरलेली, कोर्टातल्या नोंदीची नक्कल हाच तिचा पुरावा) ज्याच्याकडे असायची तो वारला किंवा त्याने ती दुसऱ्याला दिली की मॅनरच्या कोर्टात नोंद व्हायची, नवा माणूस येऊन पैसे भरायचा आणि मग त्याचं नाव लागायचं. आपला फेरफारच समजा. आणि कोणाची जमीन कोणाला हे लिहायचं म्हणजे नातं आलंच, बाप कोण, बायको कोण, मुलगी कोणाला दिली, सगळं.

आम्ही आधी १७३३ नंतरचे रोल मागवले, कारण तेव्हापासून मजकूर इंग्रजीत आहे, त्याआधी लॅटिन (मधली १६५१ ते १६६० ही वर्षं सोडून). तुम्हीही तिथूनच सुरू करा आणि मागे मागे जा. चर्मपत्राचे लांब लांब तुकडे वरच्या बाजूने एकत्र शिवलेले, उलगडले की परत गुंडाळायला बघतात म्हणून वजनं ठेवायला देतात. डाव्या समासात भागाचं नाव असतं, आम्ही नुसतं 'होम' शोधत बोट न लावता खाली खाली येत होतो, आणि सापडलं. बापाने घर आणि काही एकर धाकट्या मुलाच्या नावे केलेली, आई जिवंत असेपर्यंत तिच्याकडे, आणि मुलाच्या नावापुढे बायकोचं नाव. त्या बायकोवरून आमचा जॉन कुठला ते पक्कं झालं. सासऱ्यांनी ती ओळ मला चार वेळा मोठ्याने वाचायला लावली, बाजूचे लोक बघायला लागले तरी.

आता कामाचं. निघायच्या आधी ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर बघा, फुकट आहे, तुमच्या गावाचा मॅनर कुठला आणि त्याची कागदपत्रं कुठे ठेवलीत ते त्यात असतं, कारण जमीनदाराची इस्टेट दुसरीकडे असली तर कागदही भलत्याच काउंटीत निघतात. रीडिंग रूमची वेळ आणि रोल दोन्ही आधी बुक करा, ओळखपत्र न्या, आत फक्त पेन्सिल चालते, फोटोचे नियम विचारून घ्या. वेकफिल्डच्या बऱ्याच रोलचे इंग्रजी भाषांतर केलेले खंड छापलेत, ते आधी घरी चाळले तर तिथला वेळ वाचतो. लॅटिनला घाबरू नका, तीच तीच ठरलेली वाक्यं येतात, दहा-बारा नोंदी वाचल्या की नजर बसते.

तारखांचं मात्र सांभाळा. १७५२ च्या आधी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे फेब्रुवारी १७०१ लिहिलं असेल तर आपल्या हिशोबाने ते १७०२, आणि बऱ्याच ठिकाणी तर नुसतं राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष एवढंच असतं, त्याचा तक्ता छापून बरोबर ठेवा.

पूर्वज मजूर असेल, स्वतःची जमीन नसेल, तर जमिनीच्या नोंदीत तो सापडणार नाही. तरीही कोर्टाच्या दंडाच्या याद्या बघाच, गुरं मोकळी सोडली, भांडण केलं, असल्या कारणांनी गरिबांची नावं तिथे येतात.