तुम्ही विचारलंत म्हणून: मेलेल्या काळजातलं रक्त

"दुकानातल्या बोकडाच्या काळजावरनं माणसाच्या लिव्हरचं काय कळणार?" लग्नात, पानपट्टीवर, परवा तर रंकाळ्यावर फिरताना. वर हसून, "उरलेलं फ्राय करता काय?" नाही करत.

आणि कळतं, बरंच कळतं. लिव्हरमधल्या गाठीत सुईसारखी अँटेना घालून २.४५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लहरींनी ती गाठ जाळायची, तर जळालेला भाग किती पसरेल हे आधी गणितानं सांगायचं, हे माझं काम. ६० अंशांच्या वर पेशी जवळजवळ लगेच मरतात. ती ६० अंशांची रेघ कुठं थांबते, एवढाच प्रश्न.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मटणाच्या रांगेत उभा राहून अख्खं काळीज आणलं. ६० वॉट, दहा मिनिटं. मधोमध चिरलं. सुईच्या वाटेवर काळा कोळसा, भोवती फिकट पांढुरकं कडं, त्याबाहेर कच्चा लाल भाग. कडं धरून जळालेल्या भागाची रुंदी कॅलिपरनं मोजली: ३१ मिलिमीटर. कॉम्प्युटर म्हणत होता ३२. त्या दिवशी मी पेढे वाटले. पुढं आठ महिने ती स्लाइड जिथंतिथं मिरवली.

मग एका विद्यार्थिनीला प्रोग्रॅम समजावून देत होतो. शरीरात उष्णता कशी पसरते ते सांगणारं पेनेसचं १९४८ चं समीकरण, त्यात रक्त उष्णता वाहून नेतं त्याचं एक पद असतं. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं. "सर, दुकानातल्या काळजात रक्त वाहतंय व्हय?"

मी ते पद शून्य करायला विसरलो होतो. आठ महिने मेलेल्या काळजात रक्त खेळवत होतो. तिच्यासमोरच शून्य केलं, पुन्हा चालवलं. ३९ आलं. पाण्याची वाफ होते, तिच्यात उष्णता खर्च होते, मांस आक्रसतं. हे मी धरलंच नव्हतं. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. ती काही बोलली नाही. मीच उठून चहा सांगायला गेलो.

तेव्हाचा मी अजून भांडतो: सगळेच एखादा आकडा जुळवून घेतात, त्यात एवढं काय? एवढं हे, की जिवंत माणसात जाड रक्तवाहिनी शेजारची उष्णता ओढून नेते आणि नेमक्या तिथल्या पेशी वाचतात. जुळवलेला आकडा तिथं काय कामाचा? पण मग ज्या यकृतात रक्त किती वाहतंय हे मला नेमकं ठाऊकच नाही, तिथं मी तरी दुसरं काय करतोय?

वाफ आणि आक्रसणं आता धरलंय. ३४ येतं.

परवा दुकानदारानं लांबूनच विचारलं, "सर, आज बी अख्खंच न्हवं?"