मूळ नियमपुस्तकावर किती सवलत द्यायची?

आमचा रोल-प्लेइंग खेळ (पात्रं घेऊन खेळायचा खेळ) छापायला गेला तेव्हा नियमांवर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो किमतीवर, आणि तो बरेच आठवडे चालला. मराठीत कोणी असा खेळ काढायचं मनात धरून असेल तर त्याला उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण एकत्र बसतात. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो, आपलं पात्र काय करेल ते खेळाडू सांगतात, आणि जिथे काहीही घडू शकतं तिथे फासे पडतात. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि तिथून हे सुरू झालं. आमचा खेळ देवगिरीचा आहे. रामदेवरायाचा काळ, १२९६ची अल्लाउद्दिनाची स्वारी, धान्य समजून गडावर चढवलेली आणि ऐन वेढ्यात मिठाची निघालेली पोती. किल्ल्यातल्या अंधारीतून, म्हणजे अंधाऱ्या भुयारी वाटेतून, एकदा जाऊन आलेल्या माणसाला वेगळी कल्पनाशक्ती लढवावीच लागत नाही. फाशांऐवजी आम्ही कवड्या घेतल्या. वीस बाजूंचे फासे लातुरात कुठे मागायचे? कवड्या गंजगोलाईत पूजेच्या दुकानात सहज मिळतात.

पुस्तक झालं १६० पानांचं, म्हणजे डेमी आकारात दहा फर्मे (एक फर्मा १६ पानांचा). प्रती थोड्या, त्यामुळे ऑफसेट परवडत नव्हतं. डिजिटल छपाई, बांधणी आणि मुखपृष्ठ धरून एक प्रत १२० रुपयांना पडली. छापील किंमत ३०० ठरवली.

आमच्या गटातला एक मित्र सुरुवातीपासून म्हणत होता, “मूळ पुस्तक जवळजवळ फुकट जाऊ दे. पैसे पुढच्या साहसांच्या, म्हणजे तयार कथानकांच्या, पुस्तिकांवर काढू.” प्रिंटर स्वस्त द्यायचा आणि शाईवर कमवायचं, तोच हिशोब. त्याच्याकडे दाखलेही होते. ‘पाथफाइंडर’ या अशाच खेळाचं जाडजूड मूळ पुस्तक २००९ साली आलं तेव्हा छापील प्रत ४९.९९ डॉलरला होती आणि पीडीएफ फक्त ९.९९ला. ‘फेट कोअर’ या दुसऱ्या खेळाची पीडीएफ तर वाचकाने ठरवेल त्या किमतीला मिळते, शून्य रुपये दिले तरी चालतं.

मला हे पटत नव्हतं, आणि कारण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच इतिहासात सापडलं. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा खेळाडूंचं मूळ पुस्तक १९.९५ डॉलर अशा कमी किमतीला काढलं होतं, पुढे ती किंमत वाढली. त्याच वेळी प्रकाशक ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’मधले रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने खुला परवानाही आला. कोणीही त्या नियमांवर साहसं लिहून विकावीत. मात्र त्या नियमांचं ‘डी-ट्वेंटी सिस्टम’ हे बोधचिन्ह वापरायचं असेल तर पात्र कसं घडवायचं ते नियम छापायचे नाहीत. म्हणजे साहस कोणाचंही घ्या, खेळायला मूळ पुस्तक लागणारच. त्यांनी कमाई मूळ पुस्तकावरच ठेवली होती, आणि साहसं छापण्याचं कमी फायद्याचं काम इतरांसाठी मोकळं सोडलं होतं. साहस फक्त सूत्रधार विकत घेतो, मूळ पुस्तक टेबलावरचा प्रत्येक जण घेऊ शकतो. प्रिंटर-शाईचा हिशोब इथे उलटा पडतो तो यामुळे. पुरवणीचा खप मूळ पुस्तकाच्या वर जाणं अवघडच, कारण मूळ पुस्तक नसलेला माणूस पुरवणी कशाला घेईल?

मग मी आमचे आकडे मांडले. दुकानदाराचं कमिशन ४० टक्के. ३००मधून १२० गेले, उरले १८०. छपाईचे १२० वजा केले की हातात ६०. त्यावर वाचकाला आमच्या पदरची २० टक्के सवलत दिली की ते ६०ही गेले. बाकी शून्य, आणि त्यात चित्रकाराचं मानधन अजून धरलेलंच नाही.

संभाजीनगरला औरंगपुऱ्यात एका पुस्तकविक्रेत्या काकांना विचारलं. ते म्हणाले, “सर, छापील किंमत चारशे टाका अन् पंचवीस टक्के सूट लावा. गिऱ्हाईक सूट बघायलंय, किंमत कुठं बघतंय!” काका मायेने सांगत होते आणि धंद्याच्या दृष्टीने खरंच सांगत होते. प्रकाशनपूर्व सवलत, दिवाळीची सवलत, प्रदर्शनाची सवलत, यांची मराठी वाचकाला इतकी सवय झाली आहे की छापील किमतीला पुस्तक घेताना त्याला चुकल्यासारखं वाटतं. पण आमचं पुस्तक एकट्याने वाचून कपाटात ठेवायचं नाही. पाच जण एका टेबलाशी बसणार, एकाने ४००ला घेतलेलं असणार, दुसऱ्याने ३००ला, आणि ते एकमेकांना कळणारच. फुगवलेली किंमत मला नको होती.

सवलतीचा अनुभवही घेतला. एका पुस्तक प्रदर्शनात सगळ्यांनाच २० टक्के सूट देणं बंधनकारक होतं. प्रती चांगल्या गेल्या. पुस्तकाच्या मागे आम्ही माझा नंबर छापला आहे, नियम अडला तर फोन करा म्हणून. खेळ खरोखर खेळला जातोय की नाही, हे मला त्या फोनवरून कळतं. प्रदर्शनानंतर फोन जवळजवळ आलेच नाहीत. उलट परभणीत एका वाचनालयात आम्ही दुपारभर खेळ घेतला. तिथे पूर्ण किमतीला मोजक्याच प्रती गेल्या, पण त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. एका मुलाने विचारलं, “सर, मिठाची पोती आधीच उघडून बघितली तर चालतंय का?” त्याच्या गटाने आमच्या साहसाचा गाभाच फोडला होता. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

त्या दोन गर्दींकडे बघून एक गोष्ट स्पष्ट झाली. आमच्याकडे पाच जणांत पुस्तक एकच जण घेतो, सूत्रधार. मूळ पुस्तकावरची सवलत त्या एकाच्याच पदरात पडते, आणि तो तर आधीच तयार असतो. अडलेले असतात ते बाकीचे चौघं. खेळ काय आहे हे त्यांना कळत नाही, म्हणून ते बसत नाहीत, आणि ते बसत नाहीत म्हणून सूत्रधाराचं पुस्तक पडून राहतं.

म्हणून मूळ पुस्तकाची किंमत ३००च ठेवली, कायमची. वेगळी काढली ती एका फर्म्याची, म्हणजे १६ पानांची पिनवाली खेळाडू-पुस्तिका. पात्र कसं घडवायचं, कवड्यांचं दान कसं मोजायचं, एवढंच तिच्यात आहे. छपाई ९ रुपये, किंमत २०. पीडीएफ मोफत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने २०१४ साली पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम मोफत दिले होते आणि तरी मोठं पुस्तक ४९.९५ डॉलरलाच ठेवलं होतं, तेव्हा ही वाट नवी नव्हती. एक सवलत मात्र आम्ही ठेवली: मूळ पुस्तक घेणाऱ्याला चार पुस्तिका भेट. आम्हाला ३६ रुपये पडतात, त्याला ८० रुपयांच्या मिळतात, आणि तो त्या मित्रांना वाटतो. ही भेट आम्ही थेट विक्रीवरच देतो. दुकानातल्या प्रतीवर ६०मधून ३६ काढले तर फार थोडं उरतं.

छापील पुस्तकावर जीएसटी नाही, म्हणून कवड्या आम्ही सोबत देत नाही. खोका करून त्यात कवड्या-पत्ते घातले की तो खेळाचा माल ठरतो आणि करही वेगळा लागतो. कवड्यांसाठी वाचकाला गंजगोलाईचा पत्ता देणं सोपं पडतं.

आता नांदेडच्या एका महाविद्यालयातल्या मुलांनी आधी नुसत्या पुस्तिका मागवल्या, चौघांनी पात्रं बनवली आणि मग पाचव्याला मूळ पुस्तक घ्यायला लावलं. पुढचं साहस नळदुर्गच्या पाणीमहालावर आहे, तीन फर्म्यांचं. किंमत १०० रुपये, सवलत नाही. हिशोब करताना ते मूळ पुस्तक घेणाऱ्यांपैकी काही जणच घेतील असं धरलं आहे आणि तेवढ्याच प्रती छापतोय.