बाळंतपण, बाबागाडी आणि रिक्सडॉर्फ

बर्लिनमध्ये इमारतीला नंबर असतो, आतल्या घरांना नसतो. खालच्या दाराशी बेलची पाटी असते, तिच्यावर आडनावं, आणि पोस्टमनसुद्धा त्या आडनावांवरूनच पत्र टाकतो. लेकीच्या पाटीवर तुर्की, अरबी, पोलिश, जर्मन नावं आहेत आणि त्यांत एक आपलं मराठी. तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी मेच्या अखेरीस इथे आले. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, त्यामुळे अख्खा उन्हाळा हाती होता. ब्रांडेनबुर्ग गेट एकदा पाहून आलो. बाकी सगळा काळ नॉयक्योल्न या बर्लिनच्या भागातल्या एका कोपऱ्यात, रिक्सडॉर्फमध्ये गेला, आणि मला लिहायचंय तेही त्याच कोपऱ्याबद्दल.

रिक्सडॉर्फ हे मुळात खेडं. 1360च्या कागदपत्रांत त्याची नोंद आहे. 1737मध्ये बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, धर्मासाठी घरदार सोडावं लागलेली प्रोटेस्टंट कुटुंबं प्रशियाच्या फ्रीडरिश विल्हेल्म पहिल्या या राजाने इथे वसवली. पुढे शहर वाढत वाढत खेड्याला येऊन भिडलं. 1912मध्ये नाव बदलून नॉयक्योल्न झालं आणि 1920मध्ये ते बर्लिनचा भाग बनलं. तरी रिशार्डप्लात्झच्या चौकात मधोमध जुना लोहारखाना अजून उभा आहे. पलीकडच्या किर्शगासे या अरुंद गल्लीत त्या राजाचा पुतळा आहे. आसरा मिळालेल्या बोहेमियन लोकांच्या कृतज्ञ वंशजांनी तो 1912मध्ये उभारला. पावणेदोनशे वर्षांनीही उपकाराची आठवण ठेवणारी माणसं मला फार मोठी वाटली.

शेजारपाजार जुळला तो पार्सलांमुळे. इथे तुम्ही घरी नसलात, किंवा बाळ झोपलंय म्हणून बेल बंद ठेवलीत, की कुरियरवाला पार्सल शेजाऱ्याकडे देतो आणि कुणाकडे दिलंय त्याची चिठ्ठी टाकून जातो. नात जन्मल्यावर पार्सलं रोजचीच झाली. त्यातलं एक आणायला मी खालच्या मजल्यावर गेले. दार एका तुर्की आजींनी उघडलं. पश्चिम जर्मनीने 1961मध्ये तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला. त्यानंतर आलेल्या हजारो बायकांपैकी त्या एक, तरुणपणी कारखान्यात कामाला आलेल्या. मला जर्मन येत नाही, त्यांना इंग्रजी येत नाही. मी हातांनी पाळणा हलवून दाखवला. त्यांनी दोन्ही हात छातीशी धरले आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या, हातात लालभडक सरबताची बाटली. दालचिनी, लवंग आणि साखर घालून उकळलेलं हे सरबत तुर्की घरांत बाळंतिणीला देतात, भेटायला येणाऱ्यांनाही देतात. लेकीच्या केसांना त्यांनी लाल फीत बांधली. हे दृष्ट लागू नये म्हणून, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मी त्यांना डिंकाचा लाडू दिला. त्यांनी तो हातात घेऊन वास घेतला, चावून पाहिला, बोटाने खोबरं वेगळं केलं, आणि डिंक ओळखताच लेकीकडे बघून जोरजोरात मान हलवली. मग लेकीने मध्ये बसून दुभाषाचं काम केलं. त्यांच्याकडे बाळ-बाळंतीण चाळीस दिवस जपायची. आपला सव्वा महिना तो हाच की!

जर्मन सुईणही तेच सांगत आली. इथे सुईण घरी येते, पहिले दहा दिवस हवं तर रोज, त्यानंतर बारा आठवड्यांपर्यंत गरजेनुसार, आणि खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो. बाळंतपणानंतर आठ आठवडे बाईला कामावर घ्यायचंच नाही, असा कायदा आहे. माझ्या मनात आधी धाकधूक होती की ही गोरी बाई आपलं सगळं मोडीत काढणार. पण पहिल्याच भेटीत तिने लेकीला पलंगावरून उतरू नकोस म्हणून दटावलं आणि दुधासाठी बडीशेप, अनीस आणि शहाजिऱ्याचा चहा प्यायला सांगितला. मी डब्यातून बाळंतशोपा काढून तिच्यासमोर ठेवल्या. तिने त्या हुंगल्या, कसलं बी आहे ते ओळखलं आणि हसली. शेपू इथे उन्हाळ्यात काकडीच्या कोशिंबिरीत ढिगाने घालतात, त्याचंच हे बी. अळीवही इथे आहेत. सुपरमार्केटात छोट्या खोक्यांत उगवलेल्या हिरव्या कोंबांच्या रूपात ते मिळतात, लोक लोणी लावलेल्या पावावर कापून घालतात. ते कोंब चाखले आणि मला हायसं वाटलं.

बाळाला बाहेर नेण्यावरून मात्र आमचं जुळेना. सुईण म्हणे आठवड्या-दोन आठवड्यांत मोकळ्या हवेत न्या. मी म्हणे सव्वा महिना नाही. जावयाने तोडगा काढला: लेक घरात, बाळ आणि आजी बाहेर, तेही सावलीतून. इथे आईवडिलांनी रजा वाटून घेतली तर दोघांना मिळून 14 महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो. त्यामुळे दुपारी चौकात बाळ छातीशी बांधून फिरणारे बाप जागोजागी दिसतात. आमचे जावईही त्यांतलेच एक झाले. जिन्यावरून बाबागाडी उतरवायला कुणी ना कुणी येतंच, कारण जुन्या इमारतींना बहुधा लिफ्ट नसते.

या फेऱ्यांतच कोमेनियस बाग सापडली. कोमेनियस हा 17व्या शतकातला शिक्षणतज्ज्ञ, या बोहेमियन मंडळींच्या पंथाचा बिशप. त्यालाही मायदेश सोडावा लागला आणि 1670मध्ये तो ॲमस्टरडॅमला वारला. रिक्सडॉर्फ त्याने कधी पाहिलं नाही, पण त्याच्या माणसांच्या वंशजांच्या या वस्तीत त्याच्या नावाची बाग आहे. आयुष्य म्हणजे एकामागून एक शाळा, असं तो मानायचा. पहिली शाळा जन्माआधीची, मग बाळपणाची, आणि अशी ती म्हातारपण आणि मरणापर्यंत. बागेची मांडणी त्याच क्रमाने आहे. पहिल्या सहा वर्षांची शाळा म्हणजे आईची मांडी, असं त्याने लिहून ठेवलंय. मी जन्मभर पहिली-दुसरीला शिकवलं. मुलांना आधी चित्र दाखवा, मग शब्द द्या, हे मी रोज करत होते, आणि त्यामागे कोण उभा आहे हे मला इथे, नातीला घेऊन, कळलं. मला रडू आलं. नात झोपलेली होती.

वस्ती ओळखायची तर तिचा आठवडा ओळखावा लागतो. रविवारी दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध-भाजी घरात हवी. रविवारी भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रात्री दहानंतर आवाज नाही. बाळ रडलं तर मात्र कुणी काही म्हणत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी कालव्याकाठी मायबाखउफरला तुर्की बाजार भरतो, आणि उठायच्या वेळी विक्रेते ओरडून ओरडून भाव उतरवतात. भेंडी, कोथिंबीर, वांगी हवी असली की झोनेनअले या लांबलचक रस्त्यावरची अरबी दुकानं. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीमागे 25 सेंट परत मिळतात, पण रस्त्यावर पाणी पिऊन झालं की लोक बाटली कचराकुंडीच्या शेजारी उभी ठेवतात. बाटल्या गोळा करून पोट भरणाऱ्यांना कुंडीत हात घालावा लागू नये म्हणून. ही रीत मला या शहरातली सगळ्यात आवडलेली गोष्ट.

जूनच्या अखेरीस इथे साडेनऊला सूर्य मावळतो. सव्वा महिना सरल्यावर लेकीला घेऊन सगळे टेंपलहोफच्या मैदानावर गेलो. हे मैदान म्हणजे जुना विमानतळ, 2008मध्ये बंद झालेला आणि 2010मध्ये लोकांसाठी खुला झालेला. इथे घरं बांधायचा बेत होता, तो 2014मध्ये लोकांनी मतदानाने हाणून पाडला. तीनशे हेक्टरहून मोठं मोकळं आकाश, जुन्या धावपट्टीवर सायकली, आणि गवतात चंडोल घरटी करतात म्हणून उन्हाळ्यात दोऱ्या लावून राखलेले तुकडे. पक्ष्यांच्या बाळंतपणाचीही इथे सोय आहे.

ज्या आया अशाच निघाल्या असतील त्यांच्यासाठी: डिंक, खारीक, बाळंतशोपा घरून आणा. शेपू, मेथी, भेंडीची चिंता करू नका, मिळतं. घरात बहुधा पंखा नसतो आणि जुलै तापतो, तेव्हा सुती दुपटी भरपूर घ्या. आणि लाडू चार जास्त बांधा, खालच्या मजल्यावर द्यायला लागतील.