देऊ काय?

शनिवार, रात्र

आज दुपारी जेवताना अप्पांनी मला विचारलं, "हे देऊ काय गं याला?"

हातात भाकरीचा तुकडा, आमटीत बुडवलेला. आमचं कुत्र्याचं पिल्लू, भुऱ्या, त्यांच्या मांडीला टेकून बसलेलं, पुढच्या पायाला पट्टी, डोळे त्या तुकड्यावर. मी म्हटलं, "नको अप्पा, आमटीत कांदा-लसूण आहे, चिंच आहे." त्यांनी मान हलवली, तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि खाली बघून जेवत राहिले. एवढंच झालं.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दुपारी बेदाण्याच्या शेडवर बायका वाळवणाचे रॅक झाडायला आल्या होत्या, त्यांच्या हजेरीची बेरीज मी दोनदा चुकवली. बाग लावताना, बाग काढताना, सोसायटीचं कर्ज काढताना, आईला कोल्हापूरला न्यायचं का मिरजेला हे ठरवताना या माणसाने कुणाला काही विचारलं नाही. आणि आज आपल्या ताटातला घास द्यायला माझी परवानगी मागितली. मी ती दिली नाही. द्यायची नव्हतीच. बरोबरच केलं मी. हे स्वतःला सांगून सांगून थकले, तरी ते "देऊ काय" कानातून जात नाही.

बुधवारी दवाखान्यात मी जे बोलले त्याचं हे फळ आहे, हे मला कळतं.

मंगळवारी संध्याकाळी रॅकवरचे बेदाणे झाडून ताडपत्रीवर ढीग घातला होता. भुऱ्या दिवसभर शेडवरच असतो, बायकांच्या पायात घोटाळतो. तीन महिन्यांचं पिल्लू, चार किलोचं, दिसेल त्याला तोंड लावणार. अप्पा त्याला रोज दोन-तीन बेदाणे देतातच. आम्हालाही लहानपणी तसेच द्यायचे, शाळेतून आलो की हातावर चार. त्या दिवशी ढिगातले त्याने स्वतः किती खाल्ले, कुणी बघितलं नाही.

रात्री अकराला तो ओकला. मी उठले, बॅटरी मारून बघितलं. संध्याकाळचा भात होता आणि त्यात बेदाणे होते. पोटात पाणी पिऊन फुगलेले, टम्म, सुरकुती एक नाही. परत द्राक्षं झाल्यासारखे. मी मोजले नाहीत, पण पंधरा-वीस तरी होते. मनात म्हटलं, बरं झालं, निघून गेलं. राख टाकली, फडक्याने पुसलं, हात धुतले आणि झोपले.

झोपले मी.

पहाटे परत दोनदा ओकला, नुसतं पिवळं पाणी. सकाळी हाक मारली तर शेपटी हलली पण उठला नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, मीठपाणी पाज, सगळं बाहेर पडंल. शेडवरची एक बाई म्हणाली, दही घाल. नशीब, मी दोन्ही केलं नाही. मिठाच्या पाण्याने पिल्लाच्या रक्तातलं मीठ इतकं वाढतं की झटके येतात, जीवही जातो, हे डॉक्टर मॅडमनी नंतर सांगितलं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. घाई होती म्हणून वाचला, अक्कल होती म्हणून नाही.

दवाखान्यात मॅडमनी आधी त्याचा ओठ वर केला. हिरडीवर अंगठा दाबला, सोडला. दाबलेली जागा पांढरी पडली, ती परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघत होत्या. दोन सेकंदांच्या आत व्हायला हवी, याची जास्त वेळ घेत होती. मग मानेवरची कातडी चिमटीत धरून उचलली, ती तंबूसारखी तशीच उभी राहिली आणि हळूहळू खाली बसली. अंगातलं पाणी गेलंय, म्हणाल्या. ताप नव्हता. पिल्लू आणि उलट्या म्हटल्यावर त्यांनी आधी पार्व्होची टेस्ट केली, पिल्लांचा जीव घेणारा विषाणू असतो तो. किटवर एकच रेघ आली, म्हणजे पार्व्हो नाही. माझा जीव भांड्यात पडला, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "काय खाल्लं? किती खाल्लं? कधी खाल्लं?"

आणि मी म्हणाले, "अप्पा देतात त्याला बेदाणे. रोज देतात. सांगून ऐकत नाहीत."

मोठ्याने म्हणाले. बाकावर माणसं होती, शेळी घेऊन एक जोडपं होतं, त्यांच्यासमोर. आणि सांगून ऐकत नाहीत हे तर खोटंच, मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं? बेदाण्याच्या गावात जन्म गेला, पण बेदाणा कुत्र्याला विष असतो हे मी बुधवारी सकाळी पहिल्यांदा ऐकलं. अप्पा दाराशी टोपी हातात धरून उभे होते. काही बोलले नाहीत.

"कधी" याचं उत्तर मी "रात्री कधीतरी" असं दिलं.

मॅडम म्हणाल्या, खाल्ल्या खाल्ल्या, दोन तासांत आणलं असतं तर इंजेक्शन देऊन सगळं बाहेर काढता आलं असतं. आता उरलंय ते किडनी सांभाळणं. बेदाण्याने आधी उलट्या होतात, पिल्लू मलूल पडतं, आणि खरं नुकसान त्यानंतर दिसतं, एक ते तीन दिवसांत. लघवी कमी होते, मग बंद होते. एकदा बंद झाली की हातात फार काही राहत नाही. किती खाल्ल्यावर होतं याचा नेम नाही. एखादं कुत्रं ओंजळभर खाऊन ठणठणीत राहतं आणि एखादं थोडक्यात जातं. किलोमागे तीन ग्रॅमच्या आतही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत म्हणाल्या. मी मनात हिशेब केला. चार किलो, म्हणजे बारा ग्रॅमही नाही. आमच्याकडे पंधरा किलोच्या बॉक्सात माल जातो.

मी विचारलं, वाळवण्याआधी द्राक्षाला लावतात त्या डिपिंग ऑइलमुळे असेल का, गंधकाच्या धुरीमुळे, फवारणीमुळे? गावात सगळे तेच म्हणाले असते. नाही म्हणाल्या. घरच्या मांडवावरच्या, काही न मारलेल्या द्राक्षानेही होतं. बरीच वर्षं कारणच कळत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधेचं काम बघणाऱ्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षात ते भरपूर असतं, आणि जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे कमीजास्त होतं, म्हणून कदाचित प्रमाणाचा नेम लागत नाही. तेच आम्ल चिंचेत. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांनाही असाच त्रास झालेला आहे.

तेव्हा अप्पा पहिल्यांदा बोलले. "मग वाघ्याचं पण हेच झालं असंल काय?"

वाघ्या आमचा आधीचा कुत्रा, मॅडमना तो ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही काका. मला मात्र तो चैत्र आठवला, आईने त्याच्या तोंडाशी धरलेली वाटी आठवली. जाऊ दे. ते आज लिहायचं नाही.

भुऱ्याच्या पायात सुई घातली, उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. दिवसभर मी तिथे बसायचे आणि रात्री त्याला तसंच सुईसकट घरी आणायचे, कारण तिथे रात्री कुणी नसतं. बाटली कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. मायक्रो सेट होता, म्हणजे बारीक थेंबांची नळी, मिनिटाला वीस थेंब म्हणजे तासाला वीस मिली. घड्याळ धरून थेंब मोजायचे. पिल्लू वळलं की नळी दबते, थेंब थांबतात, परत मोजायचे. पाणी अंगात जातंय तेवढं बाहेर येतंय का, हे तर त्याहून महत्त्वाचं. तासाला निदान चार मिली लघवी व्हायला हवी होती. ती मोजायची कशी? पिठाच्या काट्यावर मी कोरडी रद्दी तोलली, त्याच्याखाली घातली आणि ओली झाली की परत तोलली. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरायचा. बुधवारी रात्री दहा ते दोनपर्यंत कागद कोरडा. दोन वाजता मी त्याच्या पोटावर हात ठेवून बसले होते, आणि दादाचा मेसेज वाचत होते, "कुत्र्यासाठी एवढं?" तीन वाजता कागद ओला झाला. बावीस ग्रॅम. मी रडले. कुणाला सांगणार होते तेव्हा? सगळं माझ्याच अंगावर का येतं, आईचं, शेडचं, अप्पांचं, असं बरंच काय काय मनात आलं आणि रद्दी बदलता बदलता गेलंही.

रक्तातलं क्रिएटिनिन, किडनी बिघडली की वाढतं ते, बुधवारी 0.9 होतं, गुरुवारी 2.1. तो आकडा बघून मॅडम गप्प झाल्या. काल 1.7 आणि आज 1.2. आज सलाईन काढलं, सुई सोमवारच्या तपासणीपर्यंत ठेवलीय.

काल संध्याकाळपासून तो खायला लागला. बिनमिठाचा मऊ भात आणि उकडलेली कोंबडी, दोन-दोन चमचे, चार-पाच वेळा. हाडं नाहीत, शिजलेली तर अजिबात नाही, त्याच्या चिरफळ्या होऊन आतडं फाटतं. मॅडमनी सांगितलेलं सगळं मी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवलंय. कांदा, लसूण, कच्चं काय, शिजवलेलं काय, रक्ताच्या पेशी फुटतात आणि कळतं चार दिवसांनी, हिरड्या पांढऱ्या पडल्यावर. चॉकलेट. बिनसाखरेचं च्युइंगम, त्यातल्या गोडीने कुत्र्याची साखर एकदम खाली येते. गाईचं दूध पिल्लाला पचत नाही, ढाळ लागते. अप्पांनी काल चष्मा लावून ते सगळं वाचलं, बोट फिरवत. मग म्हणाले, "आपली कुत्री आमटी-भाकरीवरच जगली की गं." वाद नव्हता त्यात. नुसतेच म्हणाले. मला उत्तर आलं नाही. जगली ती डोळ्यासमोर होती, आणि गेली ती "कायतरी खाल्लं असंल" म्हणून ओढ्याच्या कडेला पुरली, त्यांचा हिशेब कुणी ठेवला?

आणि आज ते "देऊ काय".

दुपारपासून मी हेच उलटंपालटं करून बघतेय. वाईट वाटतंय ते त्यांनी विचारलं म्हणून नाही. दवाखान्यात तोडून बोलले म्हणूनही पुरतं नाही. त्यांनी बेदाणे दिले हे सगळ्यांना कळलं, शेळीवाल्या जोडप्यालासुद्धा. अकराला मी ते फुगलेले बेदाणे बघितले आणि राख टाकून झोपले, हे कुणालाच कळलं नाही. सहाला ढीग घातला, अकराला तो ओकला. तेव्हाच नेऊन ओकायचं इंजेक्शन दिलं असतं तर कदाचित उरलेले निघाले असते, कदाचित उशीरही झाला असता. पण सलाईन तरी रात्रीच लागलं असतं. नऊ तास गेले. ते नऊ तास माझे आहेत, आणि परवानगी मागताहेत अप्पा.

मघाशी भुऱ्याला शेवटचे दोन चमचे भरवून झाले. अप्पा ओसरीत अंथरुणावर बसले होते, पाय चोळत. मी उंबऱ्यात बसले आणि सांगून टाकलं. अकरा वाजता उठले होते, बेदाणे दिसले होते, डॉक्टरना खोटं सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर राहिलं असतं.

ते बराच वेळ पाय चोळत राहिले. मग म्हणाले, "मला पण ऐकू आलं होतं. ओकतंय ते. तू उठलीस बघून मी कूस वळलो."

मला काय बोलावं कळेना. त्यांनाही कळलं नसावं. भुऱ्या मधे येऊन बसला आणि पट्टी चाटायला लागला, तर दोघांनी एकदमच "ए" केलं.

"सोमवारी किती वाजता हाय?" अप्पांनी विचारलं.

"नऊला."

"ती शेडच्या दाराला खालून फळी मारायला पायजे. उद्या मारतो." मग आडवे होत म्हणाले, "आणि मॅडमला खरी वेळ सांग. कागदावर लिवलेली असंल त्यांनी."

हो म्हटलं. सांगणार आहे. कागद आत्ता तोललाय, अठरा ग्रॅम.