पुन्हा भरलेली कार्ट्रिज प्रिंटर स्वीकारत नाही तेव्हा: माझा अनुभव

मी घरी शिकवणी घेते. सराव प्रश्नपत्रिका छापण्याचे काम बारमाही असल्यामुळे इंकजेट प्रिंटरची कार्ट्रिज शाई भरून पुन्हा वापरण्याचा माझा जुना परिपाठ आहे. माझ्या प्रिंटरमध्ये शाई क्षणभर तापवून तिचे थेंब कागदावर फेकणारे प्रिंटहेड कार्ट्रिजवरच असते. केवळ शाई संपली म्हणून ते सुस्थितीतले हेड कचऱ्यात जावे, हे मला पटत नाही.

परीक्षेच्या दिवसांत काळी कार्ट्रिज भरून बसवली, तर दिवे लुकलुकू लागले आणि कार्ट्रिजमध्ये दोष असल्याची सूचना संगणकावर आली. अशा वेळी हेड क्लीनिंग (प्रिंटरने स्वतःच शाई सोडून हेड साफ करण्याची सोय) पुन्हा पुन्हा चालवण्याचा सल्ला हमखास मिळतो, पण त्याने शाई वाया जाण्यापलीकडे काही साधत नाही. ही सूचना येते ती बहुधा प्रिंटर आणि कार्ट्रिज यांच्यातील विद्युत जोडणी तुटल्यामुळे; शाई हेडच्या बारीक छिद्रांपर्यंत पोहोचते की नाही, हे अशा साध्या प्रिंटरला कळतच नाही. म्हणून मी आधी काळी आणि मग रंगीत कार्ट्रिज काढून प्रिंटर एकाच कार्ट्रिजवर चालवून पाहिला. काळी काढल्यावर सूचना गेली, तेव्हा दोष तिच्यातच आहे हे नक्की झाले.

तिच्या तांब्याच्या रंगाच्या विद्युत संपर्कबिंदूंवर वाळलेल्या शाईचा पातळ थर होता. कापसाचे तंतू अडकून राहतात, म्हणून धागे न सुटणारे कापड डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित ओले करून मी ते बिंदू पुसले. प्रिंटरचा प्लग काढून आतले समोरचे बिंदूही पुसले आणि सगळे पूर्ण वाळू दिले. हे आतले बिंदू पुसायचे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. त्यानंतर ‘वापरलेली कार्ट्रिज’ अशी सूचना आली, ती ‘ओके’ दाबून मान्य केली. शाईची पातळी मात्र शून्यच दिसत राहिली. त्यात काही बिघाड नव्हता, कारण माझा प्रिंटर शाई मोजत नाही. किती थेंब उडवले यावरून तो अंदाज करतो आणि बाहेरून भरलेली शाई त्या हिशेबात येत नाही. त्यामुळे शाईवर लक्ष आपणच ठेवावे लागते. शाई तापणाऱ्या हेडला थंडही ठेवत असल्याने कोरडी कार्ट्रिज चालवली तर हेड जळते.

तरीही अक्षरांतून पांढऱ्या रेघा जात होत्या. हा प्रश्न आता शाईच्या प्रवाहाचा होता. कोमट पाण्याने ओलावलेल्या टिश्यू पेपरवर छिद्रांची बाजू थोडा वेळ टेकवून ठेवली, तेव्हा सलग काळा पट्टा उमटला. आतील स्पंजमध्ये हवा अडकली असेल, तर छिद्रांच्या बाजूने सिरिंजने हलकेच शाई ओढून घ्यावी लागते. वरची हवेची छिद्रे लेबलाखाली बंद झालेली नाहीत ना, हेही पाहावे. माझ्या काळ्या कार्ट्रिजमध्ये पिगमेंट शाई (न विरघळणारे बारीक रंगकण असलेली) असते, म्हणून तिच्यात डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) मिसळू नये, याबाबत मी काटेकोर असते.

घरातल्या दुसऱ्या प्रिंटरला स्वतंत्र रंगांच्या, चिप असलेल्या कार्ट्रिज लागतात. तिथे बाहेरच्या उत्पादकाच्या कार्ट्रिज उत्तम चालत होत्या, पण फर्मवेअर (प्रिंटरच्या आतले सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर त्याच नाकारल्या गेल्या. हा दोष पुसून किंवा धुऊन जाणारा नव्हता. नव्या चिपच्या कार्ट्रिज आणाव्या लागल्या. विकत घेतलेल्या यंत्रात शाई कोणाची घालायची, हे घेणाऱ्याने ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली टोनर कार्ट्रिजच्या खटल्यात, एकदा विकलेल्या वस्तूवर विक्रेत्याचा पेटंटचा हक्क उरत नाही, असा निर्णय दिला. सॉफ्टवेअरने घातलेली अडवणूक मात्र त्याने दूर होत नाही. त्या प्रिंटरचे आपोआप होणारे अपडेट मी बंद केले आहे आणि प्रिंटरने चिप नाकारल्यास कार्ट्रिज बदलून मिळेल, हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराकडून पावतीवर लिहून घेते.