बेकन एकच, तऱ्हा तीन

आमच्या घरात बेकनवर, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्यांवर, एकमत होत नाही. मला ते दातांखाली कडकन मोडणारं लागतं. नवऱ्याला मऊ, जरा चावावं लागेल असं. चरबी पारदर्शक झाली की त्याच्या मते झालं. मुलीला मधे मऊ आणि कडेला खरपूस. एकाच पाकिटात तिघांचं भागवायचं म्हणून मी एकेक पद्धत नीट करून पाहिली.

सुरुवात पॅनपासून. पट्ट्या थंड पॅनमध्ये मांडायच्या आणि मग मंद आचेवर ठेवायच्या. तापलेल्या पॅनमध्ये टाकल्या तर मांस झटकन आकसतं, पट्टी वेडीवाकडी होते आणि बाहेरून करपली तरी चरबी आत तशीच राहते. थंड पॅनमध्ये चरबी सावकाश सुटते आणि पट्टी तिच्यातच तळली जाते, वेगळं तेल लागत नाही. आवाजाकडे लक्ष द्यावं. पट्टीत पाणी आहे तोवर जोरात तडतडतं. पाणी सरत आलं की तडतड मंदावते आणि भोवती बारीक पांढरा फेस धरतो. नवऱ्याची पट्टी त्याआधीच काढायची, माझी फेस आल्यावर. पूर्ण कडक होण्याची वाट मात्र पाहायची नाही, कारण कागदावर काढल्यावर गार होताना ती आणखी कडक होते.

मुलीची आवड पाण्यामुळे जमली. पट्ट्या जेमतेम बुडतील एवढं पाणी घालून उकळायचं. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे मांस न करपता चरबी सुटू लागते. पाणी आटलं की आच कमी करून फक्त कडा लाल होऊ द्यायच्या. ओट्यावर शिंतोडेही कमी उडतात. वेळ जास्त लागतो, पण मला ही पद्धत मनापासून आवडते.

पाहुणे असले की ओव्हनच. ट्रेवर बेकिंग पेपर, पट्ट्या एकमेकींवर न चढवता, २०० अंश. पातळ पट्ट्या पंधरा मिनिटांच्या आसपास होतात, जाड्यांना वीसही लागतात. उलटायची गरज नाही, पट्ट्या सपाट राहतात, आणि ट्रे मधेच बाहेर काढून मऊवाल्यांच्या पट्ट्या आधी उचलता येतात. मायक्रोवेव्हमध्ये पेपर टॉवेलच्या घड्यांत ठेवून झटपट होतं, कुरकुरीतही होतं, पण चरबी सगळी कागदात जाते. मला ते पटत नाही.

पद्धतीइतकंच पाकीटही बघावं. मिठाचं पाणी टोचून खारवलेल्या बेकनमधून पॅनमध्ये पांढरट पाणी सुटतं आणि ते आटेपर्यंत रंग येत नाही. कोरडं मीठ चोळून खारवलेलं लवकर लाल होतं. साखर किंवा मेपल (मेपल झाडाचा गोड पाक) असेल तर आच आणखी कमी, नाहीतर गोडवा कडू होतो. काळं होईपर्यंत मी कुठलंच भाजत नाही: खारवताना वापरलेल्या नायट्राइट या क्षारापासून फार उष्णतेत नायट्रोसअमाइन नावाची संयुगं तयार होतात, आणि ती कर्करोगाशी जोडलेली आहेत.

उरलेली चरबी सिंकमध्ये ओतू नका, पाइपात गोठते. मी ती कोमट असताना गाळून बरणीत भरते आणि फ्रिजमध्ये ठेवते. उकडलेले बटाटे तिच्यात परतले की वरून मीठ घालावं लागत नाही.